मत्स्यजिऱ्यांसाठी संगोपन तळ्याची तयारी आणि देखभाल

कटला, रोहू किंवा मृगळ या माशांचे जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले, अवघे ६ ते ८ मिलिमीटर लांबीचे असते आणि तळ्यात सोडल्यानंतरचे पहिले काही दिवसच त्याच्या जगण्याचा निकाल लावतात. मरतुकीचे खापर सहसा बियाण्यावर फोडले जाते. परंतु तळ्यात आधीपासून असलेले शत्रू आणि नैसर्गिक अन्नाचा तुटवडा हीच तिची नेहमीची कारणे असतात. म्हणून जिरे आणण्याची तारीख ठरताच सुमारे तीन आठवडे आधी कामाला लागावे.

तळे २ ते १० गुंठ्यांचे आणि १ ते १.५ मीटर खोलीचे असावे. याहून मोठ्या तळ्यावर लक्ष ठेवणे आणि जाळे फिरवणे दोन्ही अवघड जाते. तळ भेगाळेपर्यंत तळे वाळवता आले तर त्यासारखा उत्तम उपाय नाही. ते शक्य नसल्यास हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड टाकावी. तिच्यातील सॅपोनिन या विषारी द्रव्यामुळे नको असलेले मासे मरतात आणि पुढे तीच पेंड कुजून खत होते. मात्र विषाचा अंमल दोन-तीन आठवडे टिकत असल्याने जिरे सोडण्यापूर्वी थोडे मासे हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) एक दिवस ठेवून खात्री करून घ्यावी. त्यानंतर मातीचा कस पाहून हेक्टरी २०० ते ३०० किलो चुना द्यावा.

खतासाठी हेक्टरी ७५० किलो भुईमुगाची पेंड, २०० किलो शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट हे मिश्रण चांगले लागू पडते. त्यातील निम्मे भाग पाण्यात कालवून जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी सर्वत्र शिंपडावे आणि उरलेले दोन-तीन वेळा विभागून द्यावे. नैसर्गिक अन्न तयार झाले की नाही, हे अंदाजाने न ठरवता मोजून पाहावे : ५० लिटर पाणी प्लवंगजाळीतून (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव अडवणाऱ्या बारीक जाळीतून) गाळून नमुना काचेच्या नळीत घ्यावा, त्यात फॉर्मेलिनचे काही थेंब टाकावेत आणि गाळ खाली बसू द्यावा. तो १ ते १.५ मिलिलिटर भरला आणि हिरव्याऐवजी तपकिरी दिसला, तर प्राणिप्लवंग, म्हणजे जिऱ्यांचे अन्न असलेले सूक्ष्म प्राणी, पुरेसे आहेत असे समजावे.

खत पडले की पाणकिडेही येतात, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक हलगर्जीपणा होतो. पाठीवर पोहणारे ढेकूण व पाणभुंग्यांच्या अळ्या जिऱ्यांवर थेट तुटून पडतात. यांतील बहुतेक किडे श्वासासाठी पृष्ठभागावर येतात, म्हणून तेलाचा पातळ थर त्यांना गुदमरवतो. हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि १८ किलो साबण घ्यावा. साबण कोमट पाण्यात विरघळवून त्यात तेल ढवळावे आणि जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा पडलेला असताना पसरावे. वारा सुटला तर थर एका काठाला लोटला जातो आणि सगळा खर्च वाया जातो, म्हणून घाई न करता शांत वेळेची वाट पाहणेच योग्य.

जिरे सकाळी लवकर सोडावे. पिशव्या आधी तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, मग तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घेऊन पिल्लांना स्वतःहून बाहेर पोहत जाऊ द्यावे. हेक्टरी ३० ते ५० लाख हे प्रमाण मातीच्या तळ्यासाठी पुरे; अधिक दाटी केल्यास संख्या वाढण्याऐवजी मरतूक वाढते. भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात बारीक दळून एक लाख जिऱ्यांमागे पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम, पुढे रोज १.२ किलो, दोन वेळा विभागून द्यावे. पहाटे पिल्ले पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसली, तर खाद्य व खत दोन्ही थांबवून ताजे पाणी सोडावे.

साधारण १५ ते २० दिवसांत पिल्ले २० ते २५ मिलिमीटरची होतात. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करावे, पहाटेच्या गारव्यात बारीक आसाचे जाळे हळू ओढावे आणि वाहतुकीपूर्वी पिल्ले काही तास वाहत्या पाण्यातील हाप्यात ठेवावीत, म्हणजे त्यांची पोटे रिकामी होतात आणि प्रवासात पिशवीतील पाणी खराब होत नाही.