गुलमर्गला स्कीइंगला जाताय? एअरबॅगवाली सॅक घेताना हे बघा

ही सॅक हिमस्खलनासाठी: बर्फ घसरून अंगावर आला की हँडल (ट्रिगर) ओढायचं, सॅकमधला फुगा फुगतो आणि तुम्हाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करतो. नाशिकहून गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या उतारांवर जायचं म्हणजे विमान आलंच, म्हणून माझं मत सरळ बॅटरी किंवा सुपरकपॅसिटरवर (बॅटरीसारखीच वीज साठवणारा भाग) फॅन चालवून फुगा फुगवणारी सॅक घ्या, कारण गॅस सिलिंडरवालीला एअरलाइनची आधी परवानगी काढावी लागते आणि एकदा फुगवली की सिलिंडर भरून किंवा बदलून घ्यायचा व्याप. फॅनवाली घरी हॉलमध्ये चारदा फुगवून प्रॅक्टिस करता येते (शेजारचे बघायला येतात ते वेगळं). किंमत मात्र जास्त.

फुगा साधारण १५० लिटरचा असतो. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात ना, तसंच, मोठी वस्तू सरकत्या बर्फात वर राहते. पण झाडावर आपटलात तर फुगा काय करणार!

एका दिवसाच्या सामानाला ३० लिटरची सॅक बास. सॅक सामान भरूनच घालून बघा, ट्रिगर ग्लोव्ह्ज घालून ओढता येतो का ते बघा, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायचा कंटाळा करू नका, नाहीतर सॅक डोक्यावरून निघून जाते. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला सिग्नलवरून शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं तरीही लागतंच.