साखर, वाळू आणि पाणी : सिंकहोल कसे तयार होते हे वर्गात कसे दाखवावे

मे १९८१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील विंटर पार्क इथे जमीन खचली आणि बघता बघता सुमारे १०० मीटर रुंदीचा खड्डा पडला. जमीन अशी खचून पडणारा खड्डा म्हणजे सिंकहोल. एक घर, पोहण्याच्या तलावाचा काही भाग आणि शेजारच्या गॅरेजमधल्या मोटारी त्यात गेल्या. मुलांना ही घटना सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एवढी माती गेली कुठे? फळ्यावर आकृती काढूनही याचे उत्तर देता येते, पण ते मुलांच्या गळी उतरत नाही. एका पारदर्शक डब्यात मात्र ते डोळ्यांदेखत घडते.

आधी थोडी पूर्वतयारी. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून कितीतरी जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी चुनखडीच्या भेगांतून झिरपताना खडक विरघळवत जाते. भेगांच्या फटी होतात, फटींची पोकळी होते. वरची माती कणाकणाने त्या पोकळीत उतरू लागली की पोकळी वर सरकते आणि तिचे छत पातळ होत जाते. एक दिवस छताला वरचा भार पेलवत नाही. म्हणजे खड्डा दिसतो तो दिवस हा या गोष्टीचा शेवट असतो. मुलांच्या मनावर ठसवायचे ते एवढेच, म्हणून या प्रयोगात डब्याकडे वरून नव्हे, बाजूने बघायचे.

साहित्य

सरळ भिंतींचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, पंधरा-वीस शुगर क्यूब, बारीक खडी, वाळू, चाळलेली चिकणमाती, सुती कापडाचा तुकडा, स्ट्रॉ, ड्रॉपर किंवा बिनसुईची सिरिंज आणि खाली ठेवायला ताट. बाटली कापूनही चालते, पण तिच्या गोल भिंतीला क्यूब नीट चिकटून बसत नाहीत. शुगर क्यूब नसतील तर साखरेवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून ती छोट्या साच्यात घट्ट दाबा आणि रात्रभर वाळू द्या.

मांडणी

डब्याच्या तळाला पाच-सहा भोके पाडा. तापवलेल्या सुईने ती चटकन पडतात, पण हे काम मोठ्यांनीच करावे. भोके विसरलात तर प्रयोग फसलाच म्हणून समजा : साखर विरघळेल, पण पाक तिथेच साचून राहील आणि पोकळी होणार नाही. खऱ्या जमिनीतही विरघळलेला खडक वाहून नेणारे भूजल लागतेच. तळाशी कापड अंथरा, त्यावर दोन सेंटिमीटर खडी पसरा आणि डबा दोन ठोकळ्यांवर ठेवून खाली ताट सरकवा.

आता समोरच्या भिंतीला अगदी चिकटवून क्यूब रचा : तीन रुंद, दोन खोल, दोन उंच. ही झाली चुनखडी. क्यूब आणि भिंत यांच्यामध्ये वाळू शिरू देऊ नका, नाहीतर बाहेरून काहीच दिसणार नाही. स्ट्रॉ क्यूबच्या वरच्या कडेला टेकवून उभा धरा आणि बाकीची जागा ओलसर वाळूने, बोटांनी दाबत दाबत भरा.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती छताची. दोन भाग वाळू आणि एक भाग चिकणमाती एकत्र करून थोडे थोडे पाणी घाला. मूठ आवळल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांना चिखल लागता कामा नये. याचा दोन सेंटिमीटर जाडीचा थर क्यूबवर पसरून हलक्या हाताने थापा. वर पुठ्ठ्याचे घर किंवा खेळण्यातली मोटार ठेवा. घर ठेवल्याशिवाय वर्गातली शेवटची रांग उठून पुढे येत नाही.

पाणी सोडताना

ड्रॉपरने स्ट्रॉमध्ये थेंब थेंब पाणी सोडा. कोमट पाणी घेतले तर काम लवकर होते. थोड्याच वेळात क्यूबच्या कडा गोलाकार होतात, मग एखादा क्यूब वाकडा होऊन बसतो आणि छताखाली काळसर फट उघडते. फट रुंदावते, छताच्या खालच्या बाजूने मातीचे तुकडे सुटू लागतात. वरचे घर अजूनही सरळ उभे असते. इथे थांबा आणि एका मुलाला फक्त वरून बघून काय दिसते ते सांगायला लावा. त्याला काहीच बदल दिसणार नाही. मग छतावर चार-पाच चमचे पाणी शिंपडा. ओल्या मातीचे वजन वाढते, कणांची पकड सैल होते आणि छत घरासकट खाली बसते. जोरदार पावसानंतर जमीन का खचते याचे उत्तर मुलांना आता मिळालेले असते.

वेळ असेल तर दुसरा डबा तयार करा, पण छत नुसत्या कोरड्या वाळूचे ठेवा. इथे धाडकन काही होत नाही, वाळू ओघळत जाते आणि वर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. निसर्गातही दोन्ही प्रकार आढळतात, आणि धोकादायक असतो तो चिकट छताचा, कारण तो आधी सुगावा लागू देत नाही.

तिसऱ्या डब्यात पोकळी होऊ लागली की तळाची भोके चिकटपट्टीने बंद करा, पोकळी पाण्याने भरू द्या आणि मग पट्टी काढा. भरलेले पाणी छताला खालून आधार देत असते, ते निघून गेले की छत कोसळते. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली तेव्हा स्ट्रॉबेरीची पिके वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी सतत पाणी फवारले, त्यासाठी भूजलाचा प्रचंड उपसा झाला आणि त्या भागात कितीतरी ठिकाणी जमीन खचली.

मुले विचारतील ते प्रश्न

साखर म्हणजे काही चुनखडी नव्हे, हे एखादे चुणचुणीत मूल म्हणणारच. ते बरोबर आहे आणि तसे स्पष्ट सांगावे. साखर साध्या पाण्यात विरघळते, तिला आम्ल लागत नाही. लिटरभर पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते, तर चुनखडी जेमतेम ग्रॅमच्या काही अंशाएवढी. म्हणून तिथे हजारो वर्षे लागतात आणि इथे एका तासिकेत भागते.

ग्वातेमाला सिटीमधल्या २०१० च्या त्या प्रसिद्ध गोल खड्ड्याचा फोटो कोणी ना कोणी पाहिलेला असतो. तिथे चुनखडी विरघळली नव्हती. ज्वालामुखीच्या राखेचे सैल थर जमिनीखालच्या पाण्याने धुऊन नेले होते. हे दाखवायला साखर नकोच : तळाचे एक भोक मोठे करा, त्यावर कापड आणि खडी ठेवू नका, बारीक ओलसर वाळू भरा आणि स्ट्रॉ थेट त्या भोकापर्यंत नेऊन पाणी सोडा.

ताटात जमलेले पाणी फेकू नका. ते गाळून बशीत ओता, उन्हात वाळवा आणि तळाशी उरलेली चिकट साखर मुलांना भिंगातून दाखवा : डब्यातला 'खडक' इथे आला. चाखायला देऊ नका, त्यात माती उतरलेली असते. बशी मुंग्यांपासून जपा आणि डब्यातली वाळू बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.