टर्मिनलमधून मेलला फाईल जोडायचीय? ते दोन डॅश विसरू नका

सर्व्हरवरचा रिपोर्ट मला रोज रात्री मेलवर लागतो, आता त्यासाठी कोण ब्राउझर उघडून बसणार, म्हणून मी मट वापरतो, म्हणजे टर्मिनलमधूनच मेल पाठवणारा प्रोग्रॅम. उबंटू-डेबियन या लिनक्सवर ॲप्टने (प्रोग्रॅम बसवायची कमांड) मट आणि एमएसएमटीपी दोन्ही टाकून घ्या. मेल बांधायचं काम मटचं, पोचवायचं एमएसएमटीपीचं.

जीमेलवरून पाठवणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड काढायचा आणि तो एमएसएमटीपीच्या कॉन्फिग फाईलमध्ये टाकायचा. पोर्ट 587, टीएलएस (म्हणजे एन्क्रिप्शन) ऑन. त्या फाईलची परमिशन 600 करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल, नाहीतर एमएसएमटीपी रुसून बसतं. मटच्या कॉन्फिगमध्ये सेंडमेल, म्हणजे मेल कोणी पाठवायचा या सेटिंगच्या जागी एमएसएमटीपीचा पूर्ण पाथ द्या की सेटिंग संपलं.

आता कमांड. आधी एको आणि अवतरणात मजकूर, मग पाइप (उभी रेघ, ती मजकूर पुढच्या कमांडला देते), मग मट, डॅश एस आणि अवतरणात विषय, डॅश ए आणि फाईलचं नाव, मग नुसते दोन डॅश, आणि शेवटी पत्ता. ते दोन डॅश सगळेच विसरतात. डॅश ए पुढे कितीही फाइली देता येतात ना, त्यामुळे ते नसले तर मट पत्त्यालाही फाईलच समजतं आणि ती सापडत नाही म्हणून ओरडतं.

मट नको, साधी मेल कमांड बरी, असं म्हणाल तर तिथे वेगळीच गंमत आहे, ती कमांड वेगवेगळ्या प्रोग्रॅमची असू शकते: एस-नेलमध्ये छोटा ए फाईल जोडतो, जीएनयू मेलयूटिल्समध्ये त्यासाठी मोठा ए लागतो, आणि डेबियनच्या बीएसडी मेलएक्समध्ये छोटा ए म्हणजे हेडर, मेलच्या वरच्या माहितीची ओळ! आपल्या मशीनवर कुठलं आहे ते मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) बघूनच हात घाला.

साइझचं म्हणाल तर जीमेलची मर्यादा 25 एमबी, पण फाईल मेलमध्ये बेस64 या अक्षरी रूपात जाते, त्यात 3 बाइटचे 4 होतात, त्यामुळे 18 एमबीच्या वर मी जातच नाही, आधी जीझिपने फाईल दाबून लहान करतो.

रोज ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये मी एकदा चांगलाच आपटलो. फाईलच्या नावात तारीख हवी म्हणून डेट कमांड टाकली, टर्मिनलवर मस्त चालली, रात्री मेलच नाही! तारखेच्या फॉरमॅटमध्ये टक्क्याचं चिन्ह येतं, आणि क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या यादीत) ते चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्याच्या आधी बॅकस्लॅश लागतो. आता अख्खी कमांड शेल स्क्रिप्टमध्ये ठेवतो आणि क्रॉनला फक्त तिचा पाथ देतो.