साथीच्या निर्बंधांत होड्या पाण्यात सोडायच्या, तर नियम कसे लिहावेत

क्लबचे चिटणीस, धक्क्याची व्यवस्था बघणारे आणि ज्यांच्या टेबलावर आदेशाचा मसुदा येतो ते अधिकारी, यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी बरीच वर्षं शिडाच्या होड्या चालवायला शिकवते आणि बचाव-बोटीवरही काम करते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत लोकांना घरात थांबायला सांगितलं, तेव्हा होड्यावाल्यांनी ठिकठिकाणी विचारलं की उघड्या पाण्यावर आपापल्या होडीत बसलेल्या माणसाला कशासाठी अडवता? प्रश्न रास्तच होता, आणि माझ्या मते परवानगी द्यायला हवी. घरात कोंडलेल्या माणसाला दोन तास वारा आणि पाणी मिळणं ही चैन नव्हे. पण संसर्गाचा धोका असतो तो होडी पाण्यात उतरवायच्या जागी आणि बुडणाऱ्याला वर ओढणाऱ्या बोटीत. नियम या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहा.

पहिली गोष्ट, इंजिन आहे की नाही यावरून भेद करू नका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने ९ एप्रिल २०२० च्या आदेशात मोटरबोटी बंद केल्या आणि कायाक, कनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या), शिडाच्या होड्या चालू ठेवल्या. लोक भडकले, आणि २४ एप्रिलच्या नव्या आदेशात अंतर पाळण्याच्या अटीवर मोटरबोटीही सुरू झाल्या. इंजिनाने संसर्ग पसरत नाही. उलट थंड पाण्यात कायाक उलटण्याची शक्यता जास्त, म्हणजे बचाव पथकाला बोलावणं तिथूनच आधी यायचं. न्यूझीलंडने चौथ्या (सर्वांत कडक) आणि तिसऱ्या पातळीच्या निर्बंधांत मोटर आणि शीड दोन्ही बंद ठेवलं आणि १४ मे २०२० पासून दुसऱ्या पातळीवर दोन्ही उघडलं. बचावासाठी इतरांना घराबाहेर काढावं लागू नये, हे त्यामागचं एक उघड कारण होतं. नियम कडक होता, पण त्याचं कारण कुणालाही समजावून सांगता येत होतं. तुमच्या प्रत्येक अटीला असं एका वाक्यातलं कारण हवं. ते सापडत नसेल तर अट काढून टाका.

आता उतार, म्हणजे रॅम्प. तिथे काय चालतं ते अर्धा तास उभं राहून बघा. एकजण गाडी मागे घेत असतो, दुसरा ट्रेलरचे पट्टे सोडत असतो, तिसरा तळाचं बूच शोधत असतो. होडी अडकली की शेजारचे दोघे न बोलावता धावून येतात आणि खांदा लावतात. एकच दोर चार हातांतून जातो. पाणवठ्यावरची ही रीत सुंदर आहे, आणि साथीत नेमकी हीच नको. म्हणून तयारीची जागा उतारापासून वेगळी ठेवा. बूच बसवणं, दोर बांधणं, सामान भरणं, लाइफ जॅकेट अंगात चढवणं, हे सगळं तिथेच उरकायचं. होडीचं नाक ट्रेलरला बांधणारा पट्टा मात्र पाण्याशी पोहोचेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर होडी उतारावरच घसरेल. उतारावर एका वेळी एकच ट्रेलर आणि एकाच घरची माणसं. धक्क्यावर गप्पा मारत थांबणं बंद.

वेळा वाटून दिल्या की काम झालं असं समित्यांना वाटतं. सकाळी ते जमतंही. दुपारी वारा वाढला किंवा ढग आले की सगळ्या होड्या एकदम परततात आणि वेळापत्रक कागदावर राहतं. त्यामुळे पाण्यावर एकूण होड्या किती, यावरच मर्यादा घाला. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ट्रेलर लावायच्या जागा कमी करणं. निम्म्या जागा दोर लावून बंद करा. जागा भरल्या की फाटक बंद. कुणाशी वाद घालायची वेळ येत नाही.

होडीत किती माणसं, याचा आकडा लिहू नका. ‘एकाच घरची माणसं’ एवढंच लिहा, होडीची क्षमता सांभाळून. साडेचार मीटरच्या होडीची रुंदी दोन मीटरही भरत नाही, मग दोन मीटर अंतर राखा म्हणणं म्हणजे पाळता न येणारा नियम. जो एकटा राहतो त्याला दुसऱ्या एखाद्या होडीच्या सोबतीने जाऊ द्या, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. दोन होड्या एकमेकींना बांधून बसायला मनाई करा. नांगरलेल्या होड्यांत किमान पंधरा मीटर ठेवा.

बचावाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मसुदे लिहिणाऱ्यांनी हे सहसा पाहिलेलं नसतं. रबरी बचाव-बोटीवर आम्ही तिघं जेमतेम गुडघ्यावर बसतो. पाण्यातल्या माणसाला वर घ्यायचं तर त्याच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे दोन्ही हातांनी धरून मागे झोकून द्यावं लागतं. तो छातीवर येऊन पडतो, खोकतो, धापा टाकतो, त्याचं तोंड आमच्या तोंडापासून वीतभर लांब असतं. मास्क भिजलेला असतो आणि भिजलेल्या मास्कमधून श्वास घेता येत नाही. त्या क्षणी अंतर वगैरे काही शिल्लक राहत नाही. घरी गेल्यावर त्या तिघांना वेगळं राहावं लागलं तर पुढचे काही दिवस बोट हलतच नाही.

म्हणून परवानगी अशांनाच द्या ज्यांना वाचवायची पाळी सहसा येणार नाही. हिवाळाभर पडून राहिलेलं इंजिन आधी घरी चालवून बघितलेलं असावं. जुनं इंधन आणि उतरलेली बॅटरी यांनीच होड्या भर पाण्यात बंद पडतात. किनाऱ्यापासूनचं अंतर आणि वाऱ्याची मर्यादा ठरवा. छोट्या होड्यांना मी बोफर्ट मापावर (वाऱ्याचा जोर सांगणारं ० ते १२ चं माप) चारच्या वर सोडणार नाही. वसंत ऋतूत हवा उबदार आणि पाणी गारठलेलं असतं, तेव्हा हवेवर न जाता पाण्याच्या तापमानाला साजेसे कपडे सक्तीचे करा. थंड पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणायला साधारण १ मिनिट लागतं, हातपाय कामाचे राहतात १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. हे तीन आकडे फाटकावर मोठ्या अक्षरांत लावा.

नवशिक्यांचं काय? मोकळ्या हवेतला छंद म्हणून त्या वर्षी पुष्कळ नवी माणसं पाण्यावर आली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींत हौशी नौकानयनातले मृत्यू २०१९ मध्ये ६१३ होते, २०२० मध्ये ७६७ झाले. बुडून मेलेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद होती, त्यांतल्या ८६ टक्के लोकांनी ते घातलंच नव्हतं. हे वाचून मला आजही राग येतो. होडीत ठेवलेलं जॅकेट चालणार नाही, अंगात घातलेलंच हवं, असं स्पष्ट लिहा, आणि तयारीच्या जागेतच ते तपासा. निर्बंध असेपर्यंत भाड्याच्या होड्या आणि पहिले धडे थांबवलेले बरे.

जॅकेटं उसनी देऊ नका. द्यावीच लागली तर सौम्य साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा आणि ७२ तास बाजूला ठेवा. ब्लीचने पट्टे कमकुवत होतात. हातांसाठीचं अल्कोहोलवालं सॅनिटायझर पेट घेतं, ते इंधन भरायच्या जागेपासून लांब ठेवा.

शेवटी, पाणी बंद करायचा अधिकार कुणाकडे, ते आदेशातच लिहा. माझ्या मते तो बचाव पथकाच्या प्रमुखाकडे असावा. पथकात माणसं कमी पडली की त्याने फोन करायचा आणि तासाभरात फाटक बंद, समितीची बैठक नंतर. आधीच पाण्यावर असलेल्यांना कळवायला क्लबचं कामाचं रेडिओ चॅनल वापरा. व्हीएचएफ, म्हणजे होड्यांवरच्या रेडिओचं, चॅनल १६ संकटाच्या हाकेसाठी आणि पहिल्या संपर्कासाठी मोकळं राहायला हवं. दर होडीमागे एक मोबाइल नंबर फाटकावरच लिहून घ्या, आणि परतलेल्याचं नाव खोडल्याशिवाय कुलूप लावू नका.