डिस्क गोल्फचा पब्लिक कोर्स कसा पारखायचा आणि गावच्या गायरानावर कसा मांडायचा

परभणीच्या अलीकडं आमचं गाव, गावाबाहेर मुरमाड गायरान, आणि मागच्या दिवाळीपासून आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी तिथं डिस्क गोल्फ खेळायलो. फोटो टाकले की दर वेळी कोणीतरी विचारतंच, आमच्याकडं पण मोकळी जागा आहे, तिथं होईल का, काय बघायचं. एकेकाला सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून काढतो.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फच आहे, फक्त काठी-बॉलच्या जागी हातानं फेकायची चकती आणि भोकाच्या जागी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली, तिला बास्केट म्हणतात. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून फेकायची, पडली तिथून पुढं फेकायची, कमीत कमी फेकीत बास्केटात घालायची, झाला एक होल. असे नऊ नाहीतर अठरा मिळून एक कोर्स. पहिला कायमचा कोर्स १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात झाला, एड हेड्रिकनं मांडलेला, आणि तिथं सुरुवातीला बास्केट नव्हत्याच, नुसते खांब होते, डिस्क खांबाला लागली का नाही यावरून भांडणं व्हायला लागली म्हणून पुढं साखळ्या आल्या. हा गडी २००२ ला गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणं त्याची रक्षा प्लास्टिकात मिसळून डिस्क काढल्या होत्या. आमच्यातले एक काका हे ऐकून म्हणले, आपण पैठणला नेतो, ह्यानं स्वतःला बाभळीवर अडकवायची सोय करून ठेवली.

आता मुद्द्याचं. मी दोन वर्षं कंपनीच्या कामानं शार्लटला होतो, नॉर्थ कॅरोलायनात, तिथं पार्कापार्कात कोर्स आहेत आणि बहुतेक ठिकाणी फुकट. पहिल्या आठवड्यात एक लै देखणा होल बघितला, उंचावर टी, खाली बास्केट, दोन्हीकडं झाडी, मी आपला खूश. त्या होलवर तीन डिस्क गेल्या. डाव्या अंगाला ओढा होता, टीवरून दिसतच नव्हता. तेव्हापासून कोर्स बघायला गेलो की मी बास्केट बघत नाही, चुकलेली डिस्क कुठं जाते ते बघतो. नीट बसलेली फेक कुठल्याबी कोर्सवर छानच वाटते, कोर्स चांगला का वाईट ते चुकल्यावर कळतं.

म्हणून नव्या कोर्सवर गेलात तर पहिला होल खेळायच्या आधी उलटा चाला, बास्केटपासून टीकडं. बास्केटला पाठ लावून उभं राहा आणि बघा, बास्केटच्या मागं तीस-चाळीस मीटरपर्यंत काय आहे, रस्ता, विहीर, कोणाची तूर, का नुसतं मोकळं. मग हळूहळू टीकडं या आणि दोन्ही बाजू बघत या. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकणाऱ्याची डिस्क वेग कमी झाला की शेवटाला डावीकडं वळते, म्हणजे ज्याला थोडं जमतं त्याची चूक जास्त करून डावीकडं जाते. नवशिक्याचं वेगळंच, तो डिस्क हातात जरा जास्त वेळ धरून ठेवतो आणि ती सरळ उजवीकडं सुटते, ते पण जोरात. त्यामुळं एका बाजूला पायवाट आणि दुसऱ्या बाजूला खेळणी असला होल दिसला की मी तो सोडून देतो, उगं कोणाच्या लेकराच्या तोंडावर बसायची.

पब्लिक कोर्सची सगळ्यात मोठी अडचण हीच, जागा सगळ्यांची असते. डिस्क १७०-१७५ ग्रॅमची, ड्रायव्हरची, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कची कड पातळ, लागली तर टाके पडतात. आमच्याकडं सुरुवातीला चौथ्या होलच्या मधून मॉर्निंग वॉकची वाट जायची. एकदा मफलर गुंडाळलेले आजोबा मधे आले, आमच्यातला एक जण गोल्फवाले सावध करायला ओरडतात तसा जोरात ओरडला, फोर! आजोबांना वाटलं चौका गेला, ते तिथंच थांबून गवतात बॉल शोधायला लागले, आणि डिस्क त्यांच्या टोपीवरून दोन हात वरून गेली. त्या दिवशी खेळ बंद केला, चौथ्या होलची टी फिरवली, आणि तेव्हापासून आम्ही सरळ मराठीत ओरडतो, डोकं सांभाळा. वाटेवर माणूस दिसला की फेकायचंच नाही, तो जाईपर्यंत थांबायचं, नियमात फेकायला ३० सेकंद मिळतात पण समोर माणूस असताना ते मोजायचे नसतात.

आता चांगलं काय ते पण सांगतो, नाहीतर वाटंल ह्याला खेळच आवडत नाही. पहिली गोष्ट पाणी. ज्या मराठवाड्यात २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं गोल्फसाठी हिरवळ पोसतो म्हणलं तर लोकं जोड्यानं हाणतील, आणि बरोबरच करतील. डिस्क गोल्फला हिरवळ लागत नाही. मुरूम, दगड, कडुलिंब, खाचखळगे, सगळं चालतं, झाडं तोडायची नाहीत उलट झाडंच होल बनवतात. दुसरं, क्रिकेटसारखी बावीस डोकी जमवावी लागत नाहीत, एकटा माणूस पण खेळू शकतो, नऊ होल तासाभरात होतात. आणि वयाचं काही नाही, माझी आई ६३ वर्षांची, गुडघे दुखतात, तरी जवळच्या फेकीला ती मला हरवते, कामून तर तिला लांब फेकायचा मोह नाही.

तर तोटे. एक, लोखंड. आम्ही उत्साहाच्या भरात वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या रिमा आणि साखळ्या लावून दोन बास्केट करून घेतल्या, खांब सिमेंटात गाडले. बाराव्या दिवशी साखळ्या गायब, भंगारात गेल्या असणार, रिमा तेवढ्या ठेवल्या बिचाऱ्यानं. आता साखळ्या हुकावर लावतो आणि खेळ झाला की पोत्यात भरून घरी नेतो, बाकीच्या सात होलला बांबूच्या तिकाटण्यावर जुनं टायर टांगलंय, टायरातून गेली की होल झाला. तेवढं पण नको असंल तर दगडाला चुना मारा आणि त्याला लागली की झालं म्हणा, पहिला कोर्स खांबांवरच चालला होता हे विसरू नका. दोन, मैदान तुमच्या बापाचं नाही. लग्नसराईत मांडव पडतो, निवडणुकीत सभा होते, शेरडं तर रोजच. तीन, झाडलोट कोण करणार. फुटक्या बाटल्या आम्हीच वेचतो, पहिल्या महिन्यात दोन पोती निघाली. पैसे न देता खेळायचं तर हे आलंच.

ऋतूचं जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्यांचे व्हिडिओ बघून हे कळणार नाही. जूनला वारं सुटतं पश्चिमेचं, समोरून वारं असलं की डिस्क वर उचलते आणि उलट्या बाजूला वळते, मागून असलं की दाबून लवकर खाली बसवते, म्हणून त्या दिवसांत पूर्व-पश्चिम होल खेळायचे तर डिस्क खाली ठेवून फेका. काळ्या रानात पावसाळ्यात जाऊच नका, चार पावलांत चपलेला किलोभर चिखल, पाय फिरत नाही आणि फेकताना पायच फिरवायचा असतो, गुडघा जातो. मुरमाड जागा घ्यायची ती याच्यासाठी. पोळ्यानंतर गवत कमरेला लागतं, डिस्क पाच पावलांवर पडली तरी दिसत नाही, आणि गवतात हात घालायच्या आधी काठीनं हलवा, घोणस आपल्याकडं काय कमी नाहीत. दिवाळीच्या आसपास गवत वाळतं तेव्हा कुसळं, मोजे सोलून काढावे लागतात, आणि सराटे साध्या चपलेतून आरपार, बूटच घाला. संक्रांतीच्या अलीकडं-पलीकडं जो काळ आहे तो खरा खेळायचा. मार्चनंतर सकाळी साडेआठच्या आत आटपा. एप्रिलमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, आमची एक डिस्क कडेवर उभी राहून घरंगळत गेली आणि भेगेत अशी शिरली की नुसती नारंगी रेघ दिसायली, सळईनं काढली. आणि उन्हाळ्यात डिस्क बंद गाडीत ठेवू नका, वाकड्या होतात.

डिस्क कोणत्या घ्यायच्या, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि खरं तर तो शेवटचा आहे. एक पटर, जवळून बास्केटात घालायची, आणि एक मिडरेंज, मधल्या अंतराची, बस झाली. डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड म्हणजे वेग, ग्लाइड म्हणजे तरंगणं, टर्न म्हणजे वेगात असताना वळणं, फेड म्हणजे शेवटाला वळणं, त्यातला स्पीड १२-१३ बघून पोरं भुलतात, पण तेवढ्या वेगानं फेकली तरच ती डिस्क चालते, नाहीतर बदकन डावीकडं खाली. नवा माणूस ४०-६० मीटर फेकतो, त्याला हलकी डिस्क द्या, १५० ग्रॅमच्या आसपासची. अल्टिमेट, म्हणजे दोन टीमनी चकतीनं खेळायचा खेळ, खेळणारं कोणी ओळखीचं असंल तर त्यांची मोठी १७५ ग्रॅमची चकती घेऊन सुद्धा सुरुवात होते. खेळण्याच्या दुकानातली पातळ चकती मात्र नको, वाऱ्यावर पतंग होते. रंग भडक घ्या, गुलाबी, नारंगी. हिरवी घेणाऱ्याला आम्ही चहा पाजायला लावतो.

नियम जास्त नाहीत. डिस्क थांबली तिथं छोटी चकती खूण म्हणून ठेवायची आणि तिच्या मागं पाय ठेवून फेकायचं. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल जाऊन पुढं पडायचं नाही. झाडावर अडकली तर बरोबर तिच्या खालून पुढची फेक. हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड. शोधायला ३ मिनिटं, सापडली नाही तर मागच्या जागेवरून परत आणि एक दंड. आम्ही ३ मिनिटांचा नियम पाळत नाही, डिस्क महाग आहे, सगळे मिळून शोधतो.

स्वतः मांडायचा असंल तर आधी कागद. गायरान असंल तर ग्रामपंचायतीत बोला, शहरात नगरपालिका नाहीतर महापालिका, शाळा-कॉलेजचं मैदान असंल तर त्यांची लेखी हो. फॉरेस्टच्या जागेत खड्डे खणायच्या भानगडीत पडू नका. आणि कागदाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तिथं रोज येणारी माणसं, गुराखी, क्रिकेटची पोरं, फिरायला येणारे. आम्ही पोरांना पहिल्याच दिवशी डिस्क हातात दिली, आता तीच पोरं टायरं राखतात.

जागा किती, तर सुटसुटीत खेळायला होलमागं एकरभर धरा, छोटे होल असतील तर नऊ होल पाच-सहा एकरांत बसतात. होल ५० ते ७० मीटरचे ठेवा, सगळे सारखे नको, एक-दोन ३० मीटरचे पण हवेत. एका होलची वाट दुसऱ्या होलला छेदली नाही पाहिजे. पुढच्या होलची टी मागच्या बास्केटच्या पाठीमागं कधीच ठेवू नका, लांब गेलेली डिस्क तिथंच येते. सकाळी खेळणार तर पूर्वेकडं तोंड करून फेकायचा होल टाळा, सूर्य डोळ्यात येतो आणि डिस्क पण दिसत नाही आणि माणूस पण. झाडाला खिळे मारू नका. टी सपाट करा, मुरूम टाकून चोपलेला चालतो, घसरायला नको एवढंच. मग बांबू रोवायच्या आधी नुसत्या चुन्याच्या खुणा करून तीन रविवार खेळा आणि डिस्क कुठं पडल्या तिथं खडे ठेवत जा. खडे जिथं दाट जमतील तिथून माणसांची वाट जात असंल तर होल हलवा. आम्ही हे नंतर केलं, नऊपैकी चार होल हलवावे लागले.

आणि हो, डिस्कच्या खालच्या अंगाला परमनंट मार्करनं मोबाईल नंबर लिहा. माझी निळी ड्रायव्हर सातव्या होलवरून शेजारच्या तुरीत गेली, दोन रविवार शोधलं, नाद सोडला. महिन्यानं फोन आला, तुमचं ताट सापडलंय म्हणले. त्यांच्या आखाड्यावर गेलो तर डिस्क माठावर पालथी, बरोब्बर बसलेली, वर तांब्या. मामा द्यायला तयार होते पण मामी म्हणल्या, ह्याच्यासारखं झाकण दुसरं नाही, माशी शिरत नाही. पुढच्या रविवारी परभणीहून स्टीलचं झाकण घेऊन गेलो. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, माठावर ठेवलं, आणि म्हणल्या, हे वाजतंय, तुमचंच बरं होतं.