वीर्य तपासण्याआधी मेंढ्याची पाठ चाचपा

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १८८६) येणाऱ्या मुंबईकर मुलांना कुत्र्यामांजरांचा लळा असतो, पण मेंढ्याला बहुतेकांनी कधी हातही लावलेला नसतो. मीही गिरणगावातलाच. पशुप्रजननात पुढे जायचं ठरवलं असेल, तर सूक्ष्मदर्शकाआधी जनावराची कंबर ओळखायला शिका.

शेवटच्या बरगडीच्या मागे पाठीवर बोटं दाबायची. मणक्याचे काटे किती टोचतात, भोवती मांस-चरबी किती लागते, यावरून १ (खंगलेलं) ते ५ (लठ्ठ) गुण द्यायचे. वळलेल्या मुठीच्या उंचवट्यांवरून बोट फिरवल्यासारखं लागलं, तर जनावर खंगलंय. नजरेवर विसंबू नका, दख्खनी मेंढ्याची लोकर हाडं झाकून टाकते. पैदाशीच्या हंगामाआधी नर ३ ते ३.५ गुणांवर हवा, कारण माजावरच्या मेंढ्यांमागे फिरताना तो चरणं विसरतो आणि त्याचं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी उतरू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, पक्व होऊन बाहेर यायला आणखी दीड-दोन. म्हणजे आजचा नमुना दोन महिन्यांपूर्वीच्या चाऱ्याची कहाणी सांगतो. आज पेंड सुरू केली की पुढच्या आठवड्यात फरक दिसेल, अशी मेंढपाळाची आशा असते. त्याला हा हिशेब धीराने समजवा. खुराक वाढवायचा तो हंगामाच्या दोन महिने आधी. प्रथिनं मिळाली की वृषण खरोखर वाढतात, उपासमारीत आकसतात. टेपने घेर मोजून नोंद ठेवा. उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर राहिलेल्या नराला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि वीर्य बिघडतं, म्हणून थोडा तरी हिरवा चारा हवाच.

बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात जरूर जा. व्यापाऱ्याला विचारून पाठी चाचपा. एका सकाळीत बारीक-लठ्ठ सगळे नमुने हाताखालून जातात. मात्र तिथे ज्याला जास्त भाव, तो पैदाशीलाही उत्तम असं समजू नका. वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहावे लागतात. लठ्ठ नराच्या अंडकोशाच्या वरच्या भागात चरबी साठते आणि वृषणांची उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय धान्याच्या मार्‍याने फॉस्फरस वाढून मुतखडा होतो, लघवी तुंबते, चांगला नर हातचा जातो. गाईम्हशींचं खनिज मिश्रणही मेंढ्याला कधीच देऊ देऊ नका, त्यातलं तांबं यकृतात साठून जिवावर बेततं.

आंतरवासितेच्या (इंटर्नशिपच्या) वर्षात मेंढ्यांच्या कळपावर काम मागून घ्या. सांगलीच्या जत भागात माडग्याळ जातीचे उंचेपुरे नर पाहायला मिळतील. धनगरांकडे गेलात की आधी बसा आणि विचारा: मामा, गेल्या दोन महिन्यांत याला काय घातलं? ताप आला होता का? किती मेंढ्यांमागे सोडलाय? उत्तरं वहीत उतरवा, पाठ चाचपा, मगच नमुना घ्या.