कोर्सआधी लेव्हल तपासताय? आधी ऐकवा

मागच्या खेपेला इंग्रजीच्या कोर्सला ४२ जण होते, तीन बॅच करायच्या होत्या आणि हातात एक सकाळ होती. मी ५० प्रश्नांचा पेपर दिला, एकेक परिच्छेद लिहून घेतला, प्रत्येकाशी तीन-चार मिनिटं इंग्रजीत बोलले आणि संध्याकाळी याद्या लावून मोकळी झाले. वर स्वतःवर खूश. पहिल्या दिवशी वरच्या बॅचच्या शिक्षिकेने वर्गात शिरल्या शिरल्या, नेहमीच्या वेगात, इंग्रजीत सांगितलं की पान चौदा उघडा आणि शेजारच्याला घेऊन तिसरा प्रश्न सोडवा. काहींनी पान चाळीस उघडलं. काहींनी शेजारच्याकडे डोकावून मग उघडलं. आणि पेपरात ५० पैकी ४४ मिळवलेले एक गृहस्थ हातात पेन धरून तिच्याकडे बघत हसत राहिले. त्यांना वाटलं स्वागताचं काहीतरी चाललंय.

ऐकून किती समजतं, हे मी तपासलंच नव्हतं. खाली बाकीचंही सगळं लिहिलंय, पण घाईत असाल तर एवढंच घेऊन जा: ऐकवा. काहीही झालं तरी ऐकवा.

आता क्रमाने. पेपर काढायला बसण्याआधी ठरवा की या तपासणीतून नेमकं काय ठरणार आहे. बॅच किती, शिक्षक किती, प्रत्येक बॅचचं पुस्तक कुठून सुरू होतं. बॅच एकच असेल तर लोकांना क्रम लावून काहीच साधत नाही, तेव्हा कोणाला काय येत नाही एवढंच बघायचं असतं आणि त्याचा पेपर वेगळा निघतो. लेव्हलसाठी युरोप परिषदेची २००१ सालची चौकट बहुतेक जण वापरतात, सगळ्यात खालच्या ए-१ पासून सगळ्यात वरच्या सी-२ पर्यंत सहा पायऱ्या. वापरा, पण पायऱ्या किती उंच आहेत ते बघा. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केम्ब्रिजच्या अंदाजाप्रमाणे ए-२ पर्यंत यायला शिक्षकाच्या हाताखाली साधारण १८० ते २०० तास लागतात आणि बी-१ पर्यंत ३५० ते ४००. म्हणजे तुमचा ४० तासांचा कोर्स एका पायरीच्याही आतच संपणार, आणि तुमच्याकडे आलेल्यांपैकी निम्मे बहुधा एकाच पायरीवर असणार. त्या पायरीच्या आत कोण अलीकडे आणि कोण पलीकडे, हे तुम्हाला कळायला हवं. तीसपानी पेपर काढून सी-२ शोधत बसू नका, तो माणूस तुमच्याकडे येणार नाही.

याच चौकटीत शिकणाऱ्याने स्वतःला तपासायचा एक तक्ता आहे. त्याची पहिलीच ओळ ऐकण्याची आहे. वाचन दुसऱ्या ओळीत, मग बोलणं, शेवटी लिहिणं. हा तक्ता छापून माझ्या टेबलावर पडला होता. मी तो दुसऱ्या ओळीपासून वाचला असणार, दुसरं काय म्हणायचं?

नोंदणीचा फॉर्म छोटा ठेवा आणि त्यांना सहज वाचता येईल अशा भाषेत ठेवा. 'किती वर्षं इंग्रजी शिकलात' हा प्रश्न काढून टाका, त्याच्या उत्तरातून काहीही कळत नाही. दहा वर्षं इंग्रजी शिकलेला माणूस फोनवर दोन वाक्यांत घाम पुसतो, आणि एक तासही न शिकलेला कामाच्या जागी धडाधड बोलतो. त्याऐवजी विचारा: शेवटचं इंग्रजी कधी ऐकलंत, कोणाच्या तोंडून, आणि तेव्हा काय केलंत? 'मान हलवली' असं एकाने लिहिलं होतं. त्या दोन शब्दांनी मला सगळं सांगितलं होतं, पण मी फॉर्म वाचले ते बॅच लावून झाल्यावर. फॉर्म आधी वाचा. ऐकू कमी येतं का, चष्मा लागतो का, हेही त्यातच विचारा. कानाच्या अडचणीला कच्चं इंग्रजी समजणं फार सोपं असतं.

पेपरबद्दल थोडक्यात. चार पर्यायांचे ५० प्रश्न असतील तर डोळे मिटून खुणा करणाऱ्यालाही बारा-तेरा मार्क पडतात. त्यामुळे तेरा मार्कांवरून 'याला थोडंफार येतं' असं ठरवू नका. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावा आणि 'पुढचं जमेना झालं की थांबा' असं वर लिहा, नाहीतर लोक शेवटच्या पानापर्यंत तुक्के मारत जातात. सूचना इंग्रजीत देऊ नका. सूचनाच न कळल्यामुळे जो चुकतो, त्याच्याबद्दल त्या पेपरातून तुम्हाला काहीच कळत नाही. व्याकरणाच्या पर्यायांपेक्षा मला उताऱ्यातले शब्द गाळण्याचा प्रकार बरा वाटतो. क्लोझ म्हणतात त्याला, विल्सन टेलरने १९५३ मध्ये मांडला, तोही मुळात उतारा वाचायला किती सोपा हे मोजायला. ठरावीक अंतराने, समजा दर सातवा, शब्द काढायचा आणि तो भरायला सांगायचा. पहिलं वाक्य मात्र पूर्ण ठेवा. आणि देण्याआधी तो स्वतःच्या हाताने सोडवून बघा. मी एकदा असा उतारा दिला की त्यातल्या तीन जागा मलाच भरता येईनात.

लेखन: पंधरा मिनिटं, एक परिच्छेद, पाठ करता येणार नाही असा विषय. झालं.

आता ऐकणं. इथे वेळ काढा. बाकीचं कापावं लागलं तर कापा, इथे कापू नका.

हे का निसटतं ते आधी सांगते, कारण तुमचंही निसटणार आहे. पेपर झाला, तोंडी झाली की वाटतं, बोलला म्हणजे ऐकलं असणारच. तसं नसतं. तोंडी परीक्षेत आपण काय करतो ते एकदा रेकॉर्ड करून ऐका. मी माझं ऐकलं आणि लाज वाटली. प्रश्न विचारला, समोरचा गप्प. मी तोच प्रश्न सावकाश विचारला. मग एकेक शब्द सुटा करून. मग हातवारे. मग अर्धा मराठीत. मग तो म्हणाला 'येस', आणि मी कागदावर लिहिलं 'समजतं'. एका बाईंनी नाव, गाव, शिक्षण, आवडीनिवडी सगळं न अडखळता सांगितलं, आणि 'इथे यायला किती वेळ लागला' असं इंग्रजीत विचारल्यावर म्हणाल्या, 'आय लाइक कुकिंग.' मी ते त्यांच्या घाबरण्याच्या खात्यावर टाकलं. घाबरल्या नव्हत्या हो, पाठ केलेल्यातलं पुढचं वाक्य बाहेर आलं होतं.

छापलेल्या इंग्रजीत शब्दाशब्दात मोकळी जागा असते, बोललेल्यात नसते. साधं बोलणंसुद्धा मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास जातं, त्यात शब्द एकमेकांना चिकटतात आणि जोर नसलेले तर जवळजवळ गिळले जातात. 'व्हॉट डिड यू डू' हे कानावर 'व्हॉजडू' असं काहीतरी पडतं. 'कॅन' चा नुसता 'क्न' होतो, आणि मग 'कॅन'  म्हणाले की 'कान्ट' म्हणाले हे कळण्यावर सगळा अर्थ टांगलेला. ज्याने इंग्रजी डोळ्यांनी शिकलंय त्याला हाच शब्द कागदावर दाखवा, तो त्याचं व्याकरण सांगेल. कानाने त्याची गाठच पडलेली नसते. माझ्या ४४ मार्कांच्या गृहस्थांचं नेमकं हेच होतं.

तर काय करायचं? तीन तुकडे पुरतात. पहिला, ऐकून कृती. एका कागदावर चार-पाच चौकोन छापा आणि सूचना ऐकवा: खालच्या डाव्या चौकोनात आडनाव लिहा, मधल्या चौकोनाभोवती गोल करा, वरच्या उजव्यात तुमच्या घरात किती माणसं आहेत तो आकडा लिहा. यात इंग्रजी लिहावं लागत नाही, त्यामुळे अगदी नवख्यालाही हात घालता येतो, आणि लेखन कच्चं असलेला पण कान तयार असलेला माणूस इथेच सापडतो. दुसरा, आकडे आणि वेळा. थर्टीन की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी, हाफ पास्ट की क्वार्टर टू. दहा आकडे, एकदाच. तिसरा, श्रुतलेखन: सहा-आठ शब्दांची आठ वाक्यं, सोप्याकडून अवघडाकडे, प्रत्येक वाक्य नैसर्गिक वेगात, फक्त एकदा. दोन वाक्यांच्या मध्ये लिहायला भरपूर वेळ द्या, पण वाक्याच्या आत थांबू नका. स्पेलिंगचे मार्क कापू नका. शब्द ओळखला का एवढंच बघा, 'नाइफ' कसंही लिहू दे.

वाक्य फक्त एकदा, हे तुम्हाला पाळता येणार नाही. समोर बसलेले चेहरे केविलवाणे होतात आणि आपण विरघळतो. म्हणून रेकॉर्ड करून ठेवा. रेकॉर्डिंगला दया येत नाही. शिवाय सकाळच्या आणि दुपारच्या लोकांना तेच, त्याच वेगात ऐकायला मिळतं. कोर्सला जे शिकवणार आहेत त्यांच्याच आवाजात केलंत तर उत्तम, कारण ऐकायचा आहे तो त्यांचाच आवाज. बातम्यांची क्लिप नको, तिथे चित्र आणि आधीची माहिती अर्धं काम करून टाकतात.

एक नोंद: चौकटीतल्या ए-१ च्या वर्णनातच 'समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलला तर' अशी अट आहे. म्हणजे तुम्ही सावकाश बोललात की परीक्षा ए-१ ची झाली, उत्तर कितीही छान येवो. मी सगळ्या ४२ जणांची तोंडी ए-१ वर घेतली आणि त्यातल्या वरच्या बॅचला बी-१ वर बसवलं.

तोंडी. 'स्वतःबद्दल सांगा' यावर बंदी घाला, ते सगळ्यांचं पाठ असतं. सोप्या प्रश्नाने सुरुवात, मग चढवत न्या, अडला की कुठे अडला ते लिहा, आणि उठायच्या आधी पुन्हा एक सोपा प्रश्न विचारा म्हणजे माणूस पडलेल्या चेहऱ्याने बाहेर जात नाही. प्रश्न किती वेळा परत विचारावा लागला याचा एक रकाना ठेवा. तो रकाना ऐकण्याचा आहे, हो, पुन्हा तेच. दोन परीक्षक असाल तर पहिले चार-पाच जण दोघांनी मिळून बघा आणि मार्क ताडून घ्या. नाहीतर एकाचा बी-१ हा दुसऱ्याचा ए-२ असतो, आणि हे आठवड्यानंतर भांडणातून कळतं.

त्या दिवसाची व्यवस्था तुम्हाला कळते, पेन-खुर्च्या सांगत नाही. दोन गोष्टी सांगते. फोनच्या स्पीकरवर ऐकवू नका. स्वतंत्र स्पीकर आणा, आदल्या दिवशी लावा आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन ऐका. पंखे सुरू ठेवून ऐका. शेवटच्या बाकावर ऐकू आलं नाही तर तुम्ही इंग्रजीची नाही, बसायच्या जागेची परीक्षा घेताय. आणि ऐकण्याचा भाग सगळ्यात आधी घ्या, उशिरा येणाऱ्यांची गडबड संपली की लगेच, म्हणजे वेळ संपला म्हणून तो गळणार नाही. शेवटी ठेवलात तर गळेलच.

मार्क आले की बेरीज करून वरून खाली यादी लावायचा मोह होईल. करू नका. पेपर, लेखन, ऐकणं, तोंडी असे चार रकाने वेगळे ठेवा. बेरजेत ४४ मार्कांचा पेपर शून्य ऐकणं झाकून टाकतो. सीमेवरचे जे असतील त्यांना ऐकण्यावरून वर-खाली करा, कारण वर्ग तोंडी सूचनांवर चालतो. व्याकरण मागे असेल तर ते वर्गात भरून काढता येतं, पण सूचनाच कळली नाही तर माणूस नुसता बसून राहतो. याच्याशी सगळे सहमत होणार नाहीत, चालेल.

निकाल सांगताना मार्क सांगू नका, बॅच सांगा, आणि 'पहिल्या आठवड्यात बदल होऊ शकतो' हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. मी ते सांगितलं नव्हतं. त्या गृहस्थांना तिसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात, चारचौघांसमोर खालच्या बॅचला जा म्हटलं. चौथ्या दिवसापासून ते आले नाहीत, फोनही उचलला नाही.

बाकी भराभर: प्रत्येक बॅचमध्ये दोन जागा मोकळ्या ठेवा. बॅचच्या वेळा अशा लावा की बदल शक्य होईल. शिक्षकांना चारही रकाने द्या, नुसतं नाव नको. पहिल्याच तासाला त्यांनी एक सूचना नेहमीच्या वेगात देऊन कोण शेजारच्याकडे बघतंय ते टिपावं. उत्तरपत्रिका फेकू नका, कोर्स संपताना तेच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवायचंय. आणि स्पीकरची वायर. ती आत्ताच पिशवीत टाका.